तोआदेर आजोबांचं लांबलेलं मयत

पोयाना, ९ फेब्रुवारी २००९

तोदोसिया,

आधी दार लाव आणि मग हे वाच. फोन का केला नाही, असं मनात आणू नकोस. तुला माझा आवाज ठाऊक आहे. उभा जन्म मयतांवर गळा काढण्यात गेला, त्यामुळे मी फोनवर कुजबुजले तरी पलीकडच्या टेकडीवरची गुरं माना वर करतात. आणि हे प्रकरण गुरांच्याही कानावर जायला नको. म्हणून चिठ्ठी लिहून इटलीला व्हॅन नेणाऱ्या सोरिनच्या हातात देतेय. पाकिटावर मेण ओतलंय. फुटलेलं दिसलं तर मला कळव, त्याच्याकडे मी बघते.

तर ऐक. ख्रिसमसपासून जो खोकला होता तो थंडीचा नव्हता. शहरात जाऊन छातीचा फोटो काढला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, क्षय आहे. आपल्या नुत्सूला होता तोच. भावाने बहिणीसाठी मागे काही ठेवलं नाही असं मी म्हणायची, तर हे ठेवलंय.

घाबरू नकोस. तीन आठवडे इस्पितळात ठेवून आता घरी सोडलंय, आता हिच्यापासून कुणाला लागण नाही असं कागदावर लिहून. फक्त सहा महिने रोज सकाळी उपाशीपोटी मूठभर गोळ्या गिळायच्या, आणि त्याही दवाखान्यात, नर्स कोरिनाच्या डोळ्यांसमोर. आता आपला दवाखाना कुठे आहे ते आठव. दुकानासमोर. आणि दुकानाच्या दारात कुणाचं बाकडं आहे? हाफियाचं. तिच्या तोंडात तीळ भिजत नाही, आणि ती उजाडल्यापासून तिथे सूत कातत बसलेली असते. क्षयाची बाई म्हणून नाव झालं तर मला कोण मयताला बोलावेल? लोक मेलेल्याजवळसुद्धा मला उभं राहू देणार नाहीत.

आता मुख्य गोष्ट. ते तीन आठवडे मी तुझ्याकडे इटलीत होते. गावात तसं सांगितलंय. तेव्हा लगेच कळव, मी तिथे काय खाल्लं, काय बघितलं, तुझी ती म्हातारी मालकीण दिसते कशी. हाफियाने काल विचारलं, "इटलीहून लोक तांबूस होऊन येतात, तू पांढरीफटक कशी काय?" मी म्हटलं, धुकं फार होतं.

आणि ओरडू नकोस.

तुझी नणंद,
पलागा


बोलोन्या, २१ फेब्रुवारी

वन्सं,

ओरडत नाही. ओरडून झालं, मगच लिहायला बसले. सिन्योरा आदेले कानातलं यंत्र काढलं की ठार बहिऱ्या असतात, तरी त्यांनी मला विचारलं, घरात कोण गेलं.

तुम्ही इथे काय केलं ते लिहून घ्या. आमच्या चौकात एक वाकडा मनोरा आहे, त्याच्याकडे बघून तुम्ही म्हणालात, "हा यंदा पडतो बघ." रोज पास्ता खाऊन तुम्हाला वीट आला. सिन्योरा आदेले एवढ्याशा आहेत, चिमणीसारख्या, ओठांना लाली लावल्याशिवाय बाहेर येत नाहीत. त्यांच्याशी तुमचं कडाक्याचं भांडण झालं, कारण त्यांच्या स्वयंपाकघरात तुम्ही वाटीभर लसूण ठेचलात. बाकी काही विसरलात तरी चालेल, भांडणाचं सांगा. गावाला लगेच पटेल.

आता माझं ऐका. नुत्सूलाही सहाच महिने सांगितले होते. मधेच खोकला थांबला, अंगावर मांस चढलं, आलुबुखारांचा हंगाम आला आणि पालिंकाच्या भट्ट्या लागल्या. डॉक्टर म्हणाले होते, गोळ्या चालू असेतो दारूचा थेंब नको. त्याने हिशेब केला की दोन्हींतलं एक सोडायचंच, तर मला आता बरं वाटतंय, मग गोळ्याच सोडू. पुढच्या वसंतात तुम्ही त्याच्या उशाशी उभं राहून सूर धरला होता. गावाला न्यूमोनिया सांगा अशी शपथ त्यानेच घातली, ती आपण दोघींनी पाळली. त्या घरातलं एक माणूस मी माझ्या हातांनी आंघोळ घालून पाठवलंय. दुसरं पाठवायला मी येणार नाही, आताच सांगून ठेवते.

हाफियाच्या बाकड्यासमोरून रोज जाववत नसेल तर कोरिनाच्या पाया पडा आणि आठवड्याच्या गोळ्या घरी आणा. पण रिकामी पाकिटं दर खेपेला सोरिनबरोबर मला पाठवायची. मला मोकळी भोकं दिसली पाहिजेत. इथे सिन्योरांच्या गोळ्या मी जाममधून भरवते, तेव्हा गोळ्या चुकवणाऱ्या म्हाताऱ्यांची मला चांगली ओळख आहे.

कॉफी पाठवतेय. एक पुडा हाफियाला द्या, इटलीहून आणला म्हणून.

तुमची,
तोदोसिया


पोयाना, १५ मार्च

तोदोसिया,

तुझ्या भांडणाचा फार उपयोग झाला. हाफियाने ते तीनदा सांगायला लावलं, आणि आता ती दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला तुझ्या सिन्योराची नक्कल करून दाखवते. वाकडा मनोराही तिने पाठ केलाय. कोरिनाही तयार झाली. तिच्या गाडीचं रोज काहीतरी मोडतं, अर्ध्या सकाळी तीच दवाखान्यात पोचत नाही, त्यामुळे तिलाही सोयीचं झालं.

गोळ्यांनी पोटात आग पडते. त्यात आमचे ईस्टरचे उपास लागलेत, दूध नाही, लोणी नाही, नुसत्या मक्याच्या मामालिगावर गोळ्या बसत नाहीत. पण ते चालायचंच. एक घोटाळा मात्र मला कुणी सांगितला नव्हता.

परवा सरपंचाच्या सासूबाई गेल्या. मी गेले, उशाशी उभी राहिले. घरच्यांनी रीतीप्रमाणे नवा पांढरा रुमाल हातात दिला. सूर छान लागला होता. त्यांनी तरुणपणी सासऱ्याच्या टोपीत अंडं कसं लपवलं होतं ते मी गाण्यात गुंफलं, बायका रडता रडता हसल्या. आणि डोळे पुसून रुमाल बघते तर नारिंगी. गंजलेल्या नळाखाली धरावा तसा. आणि हा रुमाल पुढे कुठे जातो तुला माहीत आहे, मेलेल्याच्या छातीवर, सगळ्यांच्या देखत.

मी घडी घालून डाग आत घेतला. तरी हाफियाने बघितलाच. मी म्हटलं, इटलीहून आणलेल्या ओढणीचा रंग जातोय. ती म्हणाली, "इटालियन माल."

कोरिनाला विचारलं तर म्हणते, गोळ्यांचा रंग आहे, घामाला, लघवीला, अश्रूंना सगळ्यांना येतो, अपाय काही नाही. अपाय नाही, तिला. माझं सगळं नाव या अश्रूंवर उभं आहे. आज ओढणी म्हटलं, उद्या काय म्हणू?

बाकी सगळं ठीक. कोपऱ्यावरचे तोआदेर आजोबा आता आटोपतच आले आहेत. पाद्री येऊन मरणाऱ्याला लावतात ते तेल लावून गेला. मुलगे फ्रान्सहून निघालेत. म्हणजे एक-दोन दिवसांत मोठं मयत आहे.

रिकामी पाकिटं सोबत आहेत. भोकं मोजून घे.

पलागा


बोलोन्या, २९ मार्च

वन्सं,

पाकिटं मिळाली, मागच्या आठवड्याची आणि आजचीही. एकही गोळी शिल्लक नाही. खरं सांगते, मला इतकी अपेक्षा नव्हती. मी ती पाकिटं स्वयंपाकघरात दोरीला टांगली आहेत आणि सिन्योरांना दाखवते, बघा, आमच्या वन्सं कशा शहाण्या. त्या म्हणतात, त्या लसणाच्या बाईचं माझ्यासमोर नाव काढू नकोस. त्यांना मी तुमचं खोटं भांडण सांगितलं होतं, ते आता त्यांना खरंच आठवतंय.

अश्रूंचं मनावर घेऊ नका. तोआदेर आजोबांचं आटोपलं असेलच. त्यांच्या मयतात काय झालं ते लिहा. चांगला माणूस होता. नुत्सूच्या शवपेटीच्या फळ्या त्यांनीच तासून दिल्या होत्या.

चॉकलेट पाठवतेय. पोटात आग पडली की एक

वन्सं, वाक्य अर्धं राहिलं कारण सोरिन खाली आला होता. पुडकं घेताना त्याने गावची खबर दिली. म्हणाला, तुमच्या नणंदेचं डुक्कर लाल मुततंय, गुरांच्या डॉक्टरला बोलावलं होतं, त्याने हात टेकले.

तुमचं डुक्कर काय खातंय, वन्सं?

तोदोसिया


पोयाना, ८ एप्रिल

तोदोसिया,

सोरिनला बोलायला कुणी सांगितलं होतं? मेण पाकिटावर ओतण्यापेक्षा त्याच्या तोंडावर ओतायला हवं होतं.

होय, दिल्या डुकराला. आता मी का दिल्या ते ऐक, आणि मग काय बोलायचं ते बोल. कोरिनाकडून मी गोड बोलून काढून घेतलं होतं की गोळ्या थांबवल्या तर दोन-तीन दिवसांत रंग उतरतो. म्हणजे मयताच्या दोन-तीन दिवस आधी थांबायचं. पण लग्नाची तारीख ठरते तशी मरणाची ठरत नाही ना. तोआदेर आजोबांना तेल लावलं त्या दिवशी मी विचार केला, आज थांबूया, परवा मयत होईल, तेरवापासून पुन्हा सुरू. परवा गेले नाहीत. श्वास घरघरत होता, म्हटलं उद्या. उद्या डोळे उघडून त्यांनी पाणी मागितलं. मी म्हटलं, विझण्याआधीची ज्योत आहे. मग पुन्हा घरघर. मुलगे आले, सुना आल्या, त्यांनी स्वतःसाठी आधीच करून ठेवलेली शवपेटी कोठारातून काढून त्यातला मका उपसला. पुरुषांनी कबरीची जागा बघून ठेवली. मी रोज सकाळी त्यांच्या खिडकीखालून जाऊन कानोसा घ्यायची आणि घरी येऊन डुकरापुढे गोळ्या ओतायची. तुला भोकं हवी होती, म्हणून.

असे तीन आठवडे गेले. आणि काल आजोबा उठून बसले, म्हणाले, आंबट सूप करा. दोन वाट्या प्यायले. मुलगे फ्रान्सला परत गेले आहेत, रजा संपली. मका पुन्हा शवपेटीत भरलाय.

मी काय करायला हवं होतं? मला बरं वाटतंय आता. खोकला नाही. भूक लागते. डुकरालाही काही झालेलं नाही.

पलागा


बोलोन्या, १४ एप्रिल

वन्सं,

"मला बरं वाटतंय आता." हे नुत्सूचं वाक्य आहे. शब्दनशब्द. भट्टीजवळ उभा राहून, हातात पेला घेऊन म्हणाला होता.

मी घरी का येत नाही असं तुम्ही दर ईस्टरला विचारता. काम सोडवत नाही म्हणते, ते खोटं आहे. त्या खाटेसमोरून जाववत नाही मला. शेवटी तो इतका हलका झाला होता की मी एकटी त्याला उचलून कूस बदलायची. तो माणूस, जो ओंडके उचलायचा. हे सगळं तुम्ही पाहिलंत, माझ्याबरोबर पाहिलंत, आणि तरी रुमालाच्या रंगासाठी गोळ्या डुकराला घातल्यात. मला तुमचा राग येतोय आणि त्याहून जास्त भीती वाटतेय. अर्धवट सोडलेला क्षय मुरतो, मग याच गोळ्यांना दाद देत नाही. नुत्सूचं तेच झालं.

आता एकच सांगते. उद्या शहरात डॉक्टरीणबाईंकडे जा आणि खरं सांगा. नाहीतर हाफियाचा फोन नंबर माझ्याकडे आहे.

तोदोसिया


पोयाना, ३ मे

तोदोसिया,

गेले होते. डॉक्टरीणबाई अशा बोलल्या की तू परवडलीस. थुंकी तपासली. नशीब, अजून काही उलटलेलं नाही. पण पहिल्यापासून सुरू, मागचं सगळं वाया. डुकराचा कोर्स मात्र अगदी नियमित चालला होता असं त्या म्हणाल्या. शिकलेल्या बायकांनी असा विनोद करू नये.

आणि आता तुला पटणार नाही अशी गोष्ट. ईस्टरनंतर तोआदेर आजोबांनी मला बोलावणं धाडलं. ओसरीत उन्हाला बसले होते, गुडघ्यांवर घोंगडी. म्हणाले, "पलागा, तू रोज माझ्या खिडकीखाली येऊन काय ऐकत होतीस?"

मी म्हटलं, काळजी वाटते म्हणून.

"काळजी वाटणारी बाई आत येते. कानोसा घेणारी गिऱ्हाईक बघते. बरं, ते सोड. माझ्यावर काय गाणार आहेस ते म्हणून दाखव. मेल्यावर मला ऐकू येईल का, कुणी सांगावं?"

असं कुणी कधी मागितलेलं नाही. पण मी उभी राहिले, सूर धरला. त्यांची लाकडाची गिरणी, बायकोच्या भीतीने तळघरात लपवलेली पालिंका, सगळं घेतलं. मध्येच मला खोकला आला. जुनीच उबळ, पण ती नेमकी तेव्हाच यायची होती. ते ऐकत राहिले. मग म्हणाले, "हा नुत्सूचा खोकला आहे. न्यूमोनिया म्हणे. मी त्याच्या शवपेटीचं माप घेतलं होतं, मला न्यूमोनिया शिकवू नका."

तोदोसिया, मी बसले आणि सगळं सांगून टाकलं. गोळ्या, रुमाल, डुक्कर, आणि त्यांच्या मरणाची मी किती वाट बघितली ते. मला वाटलं काठी उगारतील. ते इतके हसले की सून धावत बाहेर आली, तिला वाटलं गेले.

मग म्हणाले, "तुला माझ्यावर पांढऱ्या रुमालाने रडायचंय?"

"हो."

"गोळ्या कधी संपतात?"

"थंडीच्या तोंडावर."

"मग मी थांबतो. तू संपव. पण रोज सकाळी इथे येऊन माझ्यासमोर गिळायच्या. नाहीतर मी आजच मरतो, आणि बस मग नारिंगी रडत."

तेव्हापासून रोज जाते. कोरिनाने गोळ्या त्यांच्याच घरी ठेवल्यात, तिलाही हायसं वाटलं. हाफियाला सांगितलंय की आजोबांना बायबल वाचून दाखवायला जाते. ती म्हणाली, "इटलीला जाऊन आल्यापासून तू फार सुधारलीस."

हे लिहिताना आजोबा शेजारीच आहेत. पेन मागतायत.

तोदोसिया, मी तोआदेर. ही लिहिते त्यातलं अर्धं धरावं. काल हिने एक गोळी गालात दडवली होती. मी सगळा जन्म बैलांना औषध पाजलंय, मला गाल समजतात. आता जीभ वर, जीभ खाली, डावा गाल, उजवा गाल, सगळं बघून मगच सोडतो. नुत्सूवर असं कुणी बसलं असतं तर बरं झालं असतं, पण तेव्हा मलाही सुचलं नाही. तू जेवत जा. तोआदेर.

पाहिलंस? माझं पत्रसुद्धा माझं राहिलं नाही.

पलागा


बोलोन्या, २१ जून

वन्सं,

आजोबांचा तो मजकूर मी किती वेळा वाचला सांगत नाही. त्यांना सांगा, मी जेवते.

इथे उकाडा सुरू झालाय. सिन्योरांच्या खिडकीतलं जिरेनियम एवढं फोफावलं की शेजारीण बी मागायला आली. काल कुंडीची माती बदलायला गेले तर तळाशी गोळ्यांचा थर. जाम चाटून खात होत्या आणि गोळ्या कुंडीत. मी म्हटलं, सिन्योरा, हे काय? तर म्हणाल्या, "कडू लागतात, आणि तू ज्या घाईने भरवतेस त्याने मी आजारी आहे असं वाटतं. समोर बसून कॉफी प्यायलीस तर घेईन." वन्सं, एवढंच हवं होतं त्यांना. आता रोज सकाळी आम्ही दोघी बसतो. मी कॉफी घेते, त्या गोळ्या घेतात आणि शेजाऱ्यांची उणीदुणी काढतात. मी तुमच्याकडून भोकं मागत बसले, तेव्हा मलाही हे कळायला हवं होतं.

आजोबांच्या मुलांचं काय? सोरिन म्हणत होता, थोरल्याने फ्रान्समधल्या मालकाला वडील वारल्याचं सांगून रजा काढली होती, आता पुन्हा कुठल्या तोंडाने मागणार.

पाकिटं पाठवू नका आता. दोरी सोडून टाकली मी.

तोदोसिया


पोयाना, १३ सप्टेंबर

तोदोसिया,

आजोबा गेले. बुधवारी सकाळी, माझ्या गोळ्या गिळून झाल्यावर.

त्या दिवशी त्यांना बसवत नव्हतं. जीभ बघून झाल्यावर माझा हात धरून म्हणाले, "पलागा, मी शब्द मोडतोय. पाऊण वाट आलो, पुढे दम नाही. तू मोडू नकोस. मयताच्या सकाळीही गोळी घे आणि मग रड. ज्या रंगाचं येईल त्या रंगाचं." मग खिडकी उघडायला सांगितली. सगळीकडे भट्ट्या लागल्यात, आलुबुखारांचा वास घरभर आला. सून दूध गरम करून आणेपर्यंत संपलं होतं.

दोन दिवस मला झोप नाही. खोटं कशाला बोलू, गुरुवारी गोळ्या हातावर घेऊन बसले आणि डुकराकडे बघत राहिले. गोळ्या थांबवल्या असत्या तर शनिवारपर्यंत डोळे स्वच्छ झाले असते. मोठं मयत होतं, तीन गावं येणार होती. मग माझ्या मनात आलं की या माणसाने माझ्या रुमालासाठी उन्हाळाभर मरण अडवून धरलं. मी गिळल्या. शुक्रवारी गिळल्या, शनिवारीही.

उभी राहिले. सुनेने नवा रुमाल दिला, पांढरा शुभ्र, कडेला तिनेच विणलेली नक्षी. मी तो लपवला नाही. पहिल्यांदा डोळे पुसले आणि उलगडून धरला, भर अंगणात. हाफिया पहिल्या रांगेत होती. तिचं तोंड उघडलेलं मला दिसत होतं. पण तुला आपली रीत माहीत आहे, सूर चालू असताना मध्ये बोलायचं नाही, आणि मयताच्या उशाशी खोटं गायचं नाही. मग मी गायले.

तोआदेर बाबा, वाट लांबची, सावकाश चाला,
पहिल्या वळणावर माझा नुत्सू भेटेल तुम्हाला.
सांगा त्याला, तुझं दुखणं गावाला आज कळलं,
सांगा त्याला, तेच दुखणं बहिणीच्या छातीत वळलं.
खरं कशावरून म्हणाला तर रुमाल उलगडून दावा,
रंग हा गोळ्यांचा आहे, लाजेचा नव्हे रे भावा.
तुझ्यापाशी कुणी बसलं नाही, माझ्यापाशी हे बसले,
मरण दारात थोपवून धरून माझ्यावर रोज हसले.

आणखी बरंच गायले, ते आठवत नाही. रुमाल त्यांच्या छातीवर ठेवला, डागाची बाजू वर. नुत्सूच्या शपथेचं म्हणशील तर ती मी मोडली. तुला विचारलं नाही, त्याची माफी माग म्हणालीस तर मागेन.

जेवणाच्या मांडवात माझ्या दोन्ही बाजूच्या खुर्च्या रिकाम्या राहिल्या. मी खाली मान घालून कोबीच्या पानांतले सार्माले खात होते. तेवढ्यात हाफिया आली, शेजारची खुर्ची ओढून बसली आणि म्हणाली, "म्हणजे तू इटलीला गेलीच नव्हतीस."

मी म्हटलं, नाही.

"वाकडा मनोरा?"

"आहे. पण मी पाहिला नाही."

"मी सात महिने लोकांना सांगतेय, पलागा. पाद्रीणबाईंना सांगितलाय." क्षयाचं तिला काही वाटलेलं दिसलं नाही, पण मनोऱ्याचा राग तिने कॉफी येईपर्यंत धरला. मग हळूच विचारलं, त्या फोटोला छातीवरचे कपडे काढावे लागतात का, कारण तिचा जावई दोन महिने खोकतोय आणि बाकड्यासमोरून दवाखान्यात जायला लाजतो.

कुणाच्या बाकड्यासमोरून, ते मी विचारलं नाही.

पलागा


बोलोन्या, २७ सप्टेंबर

वन्सं,

माफी कसली. मी पत्र नळापाशी उभी राहून वाचलं, आणि नळ चालू ठेवला. सिन्योरांना ऐकू येत नाही, तरी त्यांनी कॉफी केली माझ्यासाठी. मीठ घातलं होतं, पण केली.

इतकी वर्षं मी न्यूमोनियाची विधवा होते. आता नुत्सूची झाले.

या ख्रिसमसला येतेय. त्या खोलीची खिडकी उघडी ठेवा आणि खाट काढू नका. सोरिनकडे जागा सांगून ठेवलीय. तोआदेर आजोबा नाहीत तर आता तुमच्यासमोर कोण बसतं, ते कळवा. कुणी नसेल तर हाफियाला बसवा, तिला तसंही बघायची सवय आहे.

तोदोसिया


पोयाना, ८ नोव्हेंबर

तोदोसिया,

हाफियालाच बसवलं होतं. जीभ बघताना ती स्वतःचीही बाहेर काढते. तिचा जावईही माझ्याबरोबर दवाखान्यात यायला लागला. त्याचं औषध सुरू झाल्यापासून बाकडं तिने स्वतः उचलून दुकानाच्या मागच्या भिंतीला नेलंय, तिथून फक्त कोंबड्या दिसतात. ऑक्टोबरात एका घरी मला टाळून वरच्या गावची बाई बोलावली. तिने मेलेल्याचं नाव चुकवलं आणि त्याच्या जिवंत भावावर रडली. पुढच्या मयताला मलाच बोलावणं आलं.

काल पितरांचा शनिवार होता. शेवटच्या गोळ्याही कालच्याच होत्या. डॉक्टरीणबाईंचा कागद आलाय, छाती स्वच्छ आहे. त्या गोळ्या मी घरी घेतल्या नाहीत. रुमालात बांधून कबरस्तानात नेल्या. सगळं गाव मेणबत्त्या लावत होतं. आधी नुत्सूची लावली, तुझ्या वतीनेही एक त्याच्याशेजारी. मग आजोबांकडे गेले. लाकडाचा क्रूस अजून ताजा आहे, राळेचा वास येतो.

गोळ्या गिळल्या. वरून पाणी प्यायले. जायला वळले आणि पाय निघेना. मागे पाद्री होता, कोरिना होती, हाफिया तिच्या माणसांच्या मेणबत्त्या लावत होती. मी क्रूसासमोर ओणवी झाले आणि आ केला. जीभ वर, जीभ खाली, डावा गाल, उजवा गाल.

हाफिया म्हणाली, "गिळल्यात हो आजोबा, मी बघितलं."

पलागा